अर्धपोटी माणसाचा जमाखर्च



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, ते आयुष्यभर सरकारी तिजोरीत शिरस्तेदार होते, आणि पेन्शन घेतल्यानंतर या वाचनालयाचे चिटणीस म्हणून त्यांनी जी वर्षे घालविली, त्यांतील कितीतरी संध्याकाळी, शाळकरी मुलगा असताना, त्यांच्या मेजाशेजारच्या बाकावर बसून रोजकीर्दीवरून खतावणी कशी उतरते हे मी पाहिलेले आहे. एके दिवशी ३७ पैशांचा मेळ लागेना. दिवाबत्तीची वेळ टळली, बाहेर पावसाची एक मोठी सर येऊन गेली, परंतु काका जागचे हलेनात. मी उतावळेपणाने म्हणालो, “काका, कोणीतरी पेटीतून घेतले असतील.” त्यांनी चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, “आधी वही पुन्हा वाचू. पेटी बोलत नाही, म्हणून तिच्यावर आळ घेणे सोपे.” ते ३७ पैसे शेवटी कंदिलाच्या काचेच्या पावतीत सापडले, पावती होती, पैसे दिले होते, फक्त रक्कम खर्ची टाकायची राहून गेली होती. पुढे मी वैद्यकीच्या धंद्यात पडलो, आणि आज ज्या विषयावर बोलण्यास उभा आहे त्याचा विचार करताना मला वैद्यकाच्या ग्रंथांइतकीच ती पावतीही आठवत राहिली.

विषय असा की, एखादा स्थूल माणूस निग्रहाने आहार कमी करतो, पाच-सहा महिने त्याचे वजन नेमाने उतरते, आणि मग एकाएकी, खाण्यापिण्यात काहीही फरक झालेला नसताना (निदान त्याच्या समजुतीप्रमाणे झालेला नसताना), काटा जागचा हलेनासा होतो. आठवडे लोटतात. इंग्रजी ग्रंथकार याला पठार म्हणतात. आमच्याकडे रुग्ण सरळ ‘वजन अडकले’ असे म्हणतात आणि मला तोच शब्द अधिक बोलका वाटतो. अशा वेळी त्याला दोन सल्लागार भेटतात. एक म्हणतो, आणखी कमी खा. दुसरा म्हणतो, तू फार कमी खातोस म्हणूनच शरीर चरबी धरून बसले आहे, तेव्हा जास्त खा म्हणजे विझत आलेली भट्टी पुन्हा धडाडून पेटेल. हा दुसरा सल्ला ऐकावयास इतका गोड आहे की त्याची छाननी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आज ती छाननी करावयाची आहे.

तत्पूर्वी एक संकोच बोलून दाखवितो. ज्या मुलखात दुष्काळ हा इतिहासाचा नव्हे तर आजीच्या तोंडच्या गोष्टींचा विषय होता, तेथे अतिपुष्टतेवर व्याख्यान द्यावे हे थोडे अवघड वाटते. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक रतल धान्य आणि वर एक आणा एवढ्यात भागवावे असे ठरविले. मद्रासेचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्यास हरकत घेतली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपल्या इलाख्यातील मजुरांची बाजू मांडून सरकारकडे अर्जांमागून अर्ज गुदरले. एक रतल धान्याचे, आजच्या भाषेत सांगावयाचे तर, पंधराशे ते सोळाशे उष्मांक भरतात. हा आकडा कृपया ध्यानात ठेवावा; तो लवकरच एका अगदी निराळ्या ठिकाणी भेटणार आहे.

ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ. १९४४ च्या अखेरीस, युरोपातील उपाशी जनतेला युद्धानंतर कसे सावरावयाचे या विवंचनेतून, अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेथील क्रीडागाराच्या प्रेक्षकसज्जाखालच्या खोल्यांत ३६ तरुण आणून ठेविले. हे सारे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले, आणि त्याऐवजी ही सेवा आपखुशीने पत्करलेले लोक होते. १९४५ च्या फेब्रुवारीपासून २४ आठवडे त्यांना रोज सरासरी १५७० उष्मांकांचा शिधा मिळाला: बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी, आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. विसाव्याच्या स्थितीतील त्यांच्या शरीराचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. यांतील मोठा भाग शरीरच लहान झाल्यामुळे होता, परंतु लहान झालेल्या शरीराच्या मानानेही काही काटकसर शिल्लक उरली होती. ‘भट्टी मंदावते’ या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढे, आणि ते नाकारण्याचे मला कारण नाही.

परंतु याच प्रयोगातील एक तपशील, जो सल्लागार मंडळी सोयिस्करपणे गाळतात, तो असा की प्रत्येक माणसाचे वजन कोणत्या आठवड्यात किती उतरावे याची वक्ररेषा कीजने अगोदरच आखून ठेविली होती. ती रेषा उत्तरोत्तर मंद होत शेवटी जवळजवळ आडवी व्हावी असेच योजिलेले होते. आणि ज्याचे वजन तिच्याहून हळू उतरे त्याच्या पुढल्या आठवड्याच्या शिध्यातून पावाचे तुकडे कमी होत. तुकडे कमी झाले की वजन उतरे. अर्थात या उपाशी शरीरांनी चरबी ‘धरून ठेवली’ असे कोठेही घडले नाही; त्यांनी ती दिली, मांसही दिले, आणि शेवटी घोट्यांवर सूज मात्र चढविली. या सुजेची गोष्ट पुढे उपयोगी पडेल. पुन्हा खाऊ घालण्याच्या काळात आरंभी काहींचे वजन भरतानाच दिसेना, कारण एका बाजूने मांस येत होते तो दुसऱ्या बाजूने पाणी ओसरत होते. तराजूला पाणी आणि मांस यांतील भेद कळत नाही. तो दोघांनाही एकाच खात्यावर मांडतो, आणि ही त्याची खोड न ओळखल्यामुळे माणसे किती हवालदिल होतात याचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे.

आता भट्टी पेटविण्याचा हिशेब पाहू. उपासमारीत ज्या स्रावाची पातळी घसरते आणि मेंदूस ‘कोठार रिते होत आहे’ अशी वर्दी जाते, तो लेप्टिन. त्याचा शोध १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. मग पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले तर ही पातळी पुन्हा चढेल आणि खर्चही वाढेल, असे अनुमान निघाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सडसडीत, निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के अधिक उष्मांक पिष्टाच्या रूपाने देण्यात आले. लेप्टिन २८ टक्के वाढले. दिवसभराचा शरीरखर्च वाढला तो ७ टक्के. मला हा व्यवहार शिरस्तेदार काकांपुढे मांडावासा वाटतो. चाळीस रुपये जमा धरावयाचे आणि त्यांपायी सात रुपये खर्च वाढला म्हणून तिजोरी रिकामी होईल अशी आशा बाळगावयाची, हा ताळेबंद कोणत्या कचेरीत मंजूर होईल? चरबी घालविण्याचे साधन म्हणून अधिक खाणे, या शब्दशः अर्थाने, हा दावा येथेच खारीज होतो.

तर मग वजन अडकते कशाने? शरीर लहान झाल्यामुळे त्याचा खर्च घटतो, एक किलो वजन उतरले की दिवसाचा खर्च साधारणतः २० ते ३० उष्मांकांनी उतरतो, हे एक कारण. परंतु या हिशेबाने खरे पठार यावयाचे ते वर्षा-दोन वर्षांनी, सहाव्या महिन्यात नव्हे. अमेरिकेतील गणिती शरीरशास्त्रज्ञ केव्हिन हॉल यांनी २०११ साली दाखविले की आहारात कायमचा बदल केला असता एकंदर होणाऱ्या घटीपैकी निम्मी व्हावयासच सुमारे एक वर्ष लागते. सहा महिन्यांत काटा थांबतो याचा अर्थ, पुष्कळ वेळा, खाणे हळूहळू वाढलेले असते आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. पत्ता नसतो, असे मी जाणूनबुजून म्हणतो. खोटे बोलणे निराळे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दहा जणांची तपासणी झाली, ज्यांची तक्रार होती की आपण बाराशे उष्मांकांच्या आत खातो आणि तरीही वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराचा खर्च मापला, तो यथायोग्य निघाला. भट्टी व्यवस्थित जळत होती. खाणे मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदले होते, आणि हालचाल ५१ टक्के अधिक. पेटी निर्दोष होती. पावती खर्ची पडलेली नव्हती.

आणि हे असे का व्हावे, याचे उत्तर भुकेत आहे. २०१६ साली हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतील आकड्यांवरून अंदाज बांधला की एक किलो वजन उतरले की भूक दिवसाला सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. म्हणजे खर्चातील घटीच्या तिपटीहून अधिक. शरीराने खर्चाला जेवढी कात्री लावली त्याच्या तिप्पट नेटाने ते जमेकडे हात पसरीत असते. दहा किलो उतरविलेला माणूस पूर्वीच्याच पथ्यावर जगतो तेव्हा त्याच्या निग्रहाला पूर्वीच्या किती पट काम पडत असेल याचा विचार त्याला झिडकारणाऱ्या नातेवाइकांनी कधीतरी करावा.

येथे मला इतिहासातील एक गोष्ट आठवते. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आरंभी इतक्या तुटपुंज्या वेतनावर ठेवलेले होते की खाजगी व्यापार आणि नजराणे यांवाचून त्यांचे भागणे शक्य नव्हते; कागदोपत्री कंपनीचा खर्च थोडा दिसे आणि प्रत्यक्षात मुलूख नागवला जाई. लॉर्ड कॉर्नवालिसने कलेक्टराचा पगार दरमहा १५०० रुपये केला आणि वर वसुलावर शेकडा एक रुपया दलाली ठरवून दिली. त्याच्या इतर पुष्कळ गोष्टींबद्दल माझे मत वाईट आहे, परंतु अपुरा पगार हीच लाचेची जननी, हे त्याने बरोबर ताडले. अपुऱ्या शिध्याचेही तसेच. बाराशे उष्मांकांची मंजुरी मिळालेले शरीर उरलेले पाचशे वरकमाईत मिळवते, आणि ती वरकमाई वहीत कशी यावी?

हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. एका शिक्षिकाबाईंकडून शिकलो. ८४ किलोंवरून सात महिन्यांत ७३ वर आल्या आणि तेथे अकरा आठवडे अडकल्या. त्यांनी आणलेल्या वहीत, फळ्यावर लिहावे तशा सुवाच्य अक्षरात, रोजचे बाराशे उष्मांक मांडलेले: दोन वेळा दोन फुलके, वरण, एक वाटी भाजी, ताक, तेल एक चमचा. मी त्यांची थायरॉइड तपासली, ती ठीक निघाली, आणि मग जो मूर्खपणा बहुतेक डॉक्टर करतात तो मीही केला. म्हणालो, एक फुलका कमी करा. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा काटा तेथेच होता, आणि चेहरा उतरला होता. पूर्वी शाळेत चालत जात, आता रिक्षाने जाऊ लागल्या होत्या, कारण पाय उचलत नाहीत. हाही खर्च घटलाच, परंतु तो कोणत्या वहीत लिहावा?

मी विचारले, तेलाचा चमचा कोणता? त्या म्हणाल्या, “चमचा कसला, पळी आहे आमची.” ती त्या दुसऱ्या दिवशी पिशवीतून घेऊन आल्या. दांडा किंचित वाकलेली, पोटाशी काळवंडलेली स्टीलची पळी. दवाखान्यातल्या औषधे मोजण्याच्या लहान काट्यावर ती ठेवून तेलाने भरली. तेल १६ ग्रॅम भरले. भाजीला एक, आमटीच्या फोडणीला एक, आणि वरून लसणीच्या फोडणीला एक, अशा तीन पळ्या, दोन्ही वेळा, चार माणसांत. बाईंच्या वाट्याला २४ ग्रॅम, वहीत ५. मग त्यांनी टेबलावरच्या कागदावर, भाजीत घालतात तसे, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी साखरेच्या डब्यातली साखर मूठभर घेऊन दाखविली आणि स्वतःच हसू लागल्या; ती मूठ, घरी कूट मोजून पाहिल्यावर, ३२ ग्रॅमांची निघाली. शाळेतला दोन वेळचा गोड चहा, मुलांच्या ताटातला उरलेला भात ‘टाकवत नाही म्हणून’: सगळे मिळून पाचशे उष्मांकांच्या आसपास. त्यांनी काहीही लपविले नव्हते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण जेवायला बसल्याखेरीज जेवलो असे वाटतच नाही. आणि आपल्या घरात पुरुषमंडळी उठल्यावर ती बसते, तेव्हा तिचे जेवण कोठे सुरू झाले आणि कोठे संपले याची सीमारेषा कोणत्याच दप्तरात आखलेली नाही.

मी त्यांना दोन आठवडे सतराशे उष्मांक खाण्यास सांगितले. सकाळी एक अंडे, दुपारी ज्वारीची आख्खी भाकरी, डाळ वाटीभर घट्ट, आणि कूट हवे तेवढे, फक्त मोजून. बाई घाबरल्या. पाच दिवसांत काटा ९०० ग्रॅमनी वर गेला तेव्हा त्यांचे यजमान माझ्याकडे आले आणि अतिशय सभ्य शब्दांत मला वेडा म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितले की धान्य पुरेसे पोटात गेले की स्नायू आणि यकृत आपले रिते झालेले पिष्टाचे कोठार भरून घेतात, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधले जाते. हे वजन चरबीचे नव्हे. त्यांना पटले असे वाटले नाही. दोन आठवड्यांनंतर बाईंना साडेचौदाशेंवर आणले, आणि सहा आठवड्यांनी त्या ७१ किलो ४०० ग्रॅम भरल्या.

‘जास्त खाल्ल्याने वजन उतरले’ असे त्या आता शिक्षककक्षात सांगत असतील, आणि त्यांच्या मैत्रिणी त्याप्रमाणे करून फसतीलही. प्रत्यक्षात काय घडले? सतराशेंची परवानगी मिळाल्यावर वहीत कुटाला जागा झाली. ते लिहिण्याची लाज उरली नाही, आणि जे लिहिले गेले ते मोजले गेले. पुरेसा शिधा मिळाल्यावर हिशेब खरा झाला, आणि खऱ्या हिशेबावर साडेचौदाशेंची मर्यादा वहीतल्या बाराशेंपेक्षा प्रत्यक्षात पुष्कळ कडक होती. पायात बळ आले, त्या पुन्हा शाळेत चालत जाऊ लागल्या. अधिक खाण्याचा उपयोग झाला, परंतु भट्टीशी त्याचा संबंध नव्हता.

मोठे प्रयोगही, मला वाटते, याच दिशेने बोट दाखवितात, जरी ते एकमुखी नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात स्थूल पुरुषांच्या एका गटाने १६ आठवडे सलग पथ्य केले, तर दुसऱ्याने दोन आठवडे पथ्य आणि दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढे पोटभर खाणे, अशा पाळीपाळीने तेच १६ आठवडे ३० आठवड्यांत पसरले. पहिल्या गटाचे सरासरी ९ किलो उतरले, दुसऱ्याचे १४. हा निकाल फार गाजला. परंतु २०२१ साली व्यायामाने कसलेल्या लोकांवर अशीच विश्रांती देऊन पाहिली तेव्हा चरबीच्या घटीत फरक दिसला नाही. भूक मात्र विश्रांती घेणाऱ्यांना कमी लागली. आणि सर्वांत गमतीचा प्रयोग २००३ चा आहे: त्यात संशोधकांनी पथ्य मोडल्यावर माणूस कसा घसरतो हे पाहण्यासाठी मुद्दाम सुट्ट्या देवविल्या, काहींना सलग सहा आठवड्यांची, काहींना दोन-दोन आठवड्यांच्या तीन, आणि ही मंडळी अपेक्षेप्रमाणे घसरलीच नाहीत. ठरवून घेतलेली रजा आणि न सांगता मारलेली दांडी यांत फरक आहे, हे नोकरी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आपल्याकडची ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण दांडीची आहे: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट आणि तूप एकत्र आले की उपवासाच्या ताटलीत दोन वेळच्या भाकरीपेक्षा जास्त उष्मांक सहज मावतात, आणि पदरी पुण्य असल्यामुळे कोणी त्यांची नोंद करीत नाही.

अधिक खाण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्या जुन्या वैद्यांना माहीत होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलाच्या चिकित्सेचा विचार आला आहे, तेथे त्याला पचावयास जड परंतु पोषणाने हलके असे अन्न द्यावे असे तत्त्व सांगितले आहे. यव, मूग, कुळीथ यांचा उल्लेख त्याच संदर्भात येतो. पोट भरावे, कोठार भरू नये. आज अन्नाच्या वजनामागे उष्मांक किती हे जे गणित मांडतात ते याहून फार निराळे नाही. कुळथाचे पिठले, मुळ्याची कोशिंबीर, पातळ ताक, पडवळाची भाजी यांनी ताट भरलेले असेल आणि पळी मोजकी असेल, तर माणूस तोलाने पूर्वीपेक्षा अधिक खाऊनही हलका होऊ शकतो. मी चरकाचा अनुयायी नाही. परंतु चांगला कारकून कोणत्याही दप्तरातला असो, त्याची टिपणी मान्य करावी.

एवढे मात्र बजावले पाहिजे की इन्सुलिन घेणारे, गर्भवती, आणि ज्यांना खाण्याविषयीच भय बसले आहे अशी मुले-मुली यांनी माझ्या या व्याख्यानावरून काहीही करू नये. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे जावे.

शिक्षिकाबाईंची ती पळी माझ्या दवाखान्यात कपाटाच्या वरच्या खणात राहून गेली होती. दोन महिन्यांनी त्या रक्तदाब तपासावयास आल्या तेव्हा मला आठवण झाली आणि मी ती कागदात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेविली. त्यांनी कागद उघडून पाहिला, वाकलेल्या दांड्यावरून बोट फिरविले, आणि म्हणाल्या, “राहू दे डॉक्टर, घरी आता चमचाच लावलाय. सासूबाई रोज शोधतात हिला.”